सरांनी हलवण्याआधीचं

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी माझ्याच विद्यार्थिनीला चांगला डेटा बिघडवायला लावला. मागे उभा राहून, आवाज चढवून. आता सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मला शंभर टक्के खात्री होती की चूक तिचीच आहे.

आधी मी कोण ते सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, चौदा वर्षं झाली. माझं स्वतःचं काम थिन फिल्मवरचं, म्हणजे काचेवर पातळ थर चढवायचा आणि त्याचा रेझिस्टन्स मोजायचा, आकाशाशी काही देणंघेणं नाही. पण पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत कॉलेजच्या मास्तरांसाठी वर्कशॉप होतात, तशी दोनतीन केली आणि किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. आता दरवर्षी एमएस्सीच्या एखाद्या पोराला खगोलाचा प्रोजेक्ट देतो. खर्च शून्य. जगातल्या मोठ्या दुर्बिणींचा डेटा काही काळानं सगळ्यांना फुकट उघडा होतो, आपल्याला लागतं फक्त एक बरं कॉम्प्युटर आणि नेट. (बरं कॉम्प्युटर डिपार्टमेंटला एकच आहे, त्याच्यावर पेपर सेट करायचं कामही चालतं, जाऊ द्या.)

यंदाची पोरगी चोपड्याकडची. वडिलांची केळी. नाव लिहू नका म्हणाली म्हणून लिहीत नाही. बोलते कमी, आणि प्रत्येक फाइलच्या तीन कॉप्या ठेवते. या सवयीवरून मी तिला आधी दोनदा टोकलं होतं की हार्ड डिस्क काय तुझ्या वडिलांची आहे का.

प्रोजेक्ट साधा होता. एम 74 नावाची एक गॅलक्सी आहे, मीन राशीच्या दिशेला, 3 कोटी 20 लाख प्रकाशवर्षं लांब. आपल्याला ती अगदी समोरून दिसते, ताट भिंतीला टेकवून ठेवावं तशी, त्यामुळे आत कुठं काय चाललंय ते झाकलं जात नाही. फँग्स नावाच्या मोठ्या प्रकल्पात अशा जवळच्या गॅलक्सींचे फोटो वेगवेगळ्या दुर्बिणींनी घेतलेत. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीनं 90 गॅलक्सींमधला थंड गॅस मोजलाय, तिथल्याच मोठ्या ऑप्टिकल दुर्बिणीवरच्या म्यूज यंत्रानं त्यातल्या 19 चा प्रकाश रंगारंगात फोडून ठेवलाय, आणि अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीनं त्यांच्यातली धूळ दाखवलीय. एम 74 या तिन्हींत आहे.

आम्ही त्यातली दोन चित्रं घेतली. पहिलं थंड गॅसचं. तारे ज्यातून बनतात तो वायू म्हणजे हायड्रोजनचे रेणू, पण ते इतके थंड असतात, उणे 255 सेल्सिअसच्या आसपास, की स्वतः जवळपास काहीच उजेड देत नाहीत, म्हणून त्यांच्यात मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडचे 1.3 मिलिमीटरचे रेडिओ तरंग पकडायचे आणि त्यावरून अंदाज घ्यायचा. दुसरं चित्र एच-आल्फाचं, हायड्रोजनचा तो लालभडक 656.3 नॅनोमीटरचा प्रकाश. तो येतो जिथं नुकतेच जन्मलेले, सूर्याच्या वीसतीस पट वजनाचे तारे आजूबाजूचा वायू तापवून चमकवत असतात तिथून. थोडक्यात पहिलं चित्र म्हणजे कच्चा माल, दुसरं म्हणजे ताजे क्लस्टर, एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचे झुबके. तिनं काय करायचं, तर दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायची आणि दाखवायचं की जिथं गॅस जास्त तिथं नवे तारे जास्त. पुस्तकात हेच आहे. सोपा निकाल, सोमवारी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येणार, वीस स्लाइड, चहा, समोसा, संपलं.

शनिवारी सकाळी ती आली आणि म्हणाली, सर, जुळत नाहीये.

मी बघितलं. गॅस निळ्या रंगात, एच-आल्फा लाल रंगात. गॅलक्सीचे सर्पिल हात दोन्हीत दिसत होते, लांबून बघितलं तर छान वाटत होतं, पण झूम केलं की निळे ठिपके एकीकडे आणि लाल ठिपके त्यांच्या शेजारी. वर नाही, शेजारी. काही ठिकाणी तर लाल ठिपक्याच्या बरोबर मध्ये निळ्यात चक्क भोक. म्हणजे जिथं तारे जन्मलेत तिथं तारे बनवायचा मालच नाही.

मी लगेच म्हटलं अलाइनमेंट चुकलीय. दोन वेगळ्या दुर्बिणींची चित्रं, एकाचा पिक्सेल वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, ती एका जाळीवर आणताना कुठंतरी सरकलंय. ती म्हणाली सर मी तीनदा केलं. मी म्हटलं मग तीनदा चुकलं. ती गप्प. मग मी तिच्या मागे उभा राहून सांगितलं की लाल चित्र उजवीकडे सरकव, अजून, अजून थोडं, थांब. बारा पिक्सेल. तो मधला सगळ्यात मोठा लाल ठिपका बरोबर निळ्यावर बसला. मी म्हटलं बघ, बसलं का नाही. कर सेव्ह.

तिनं सेव्ह केलं. काही बोलली नाही.

बारा पिक्सेल ऐकायला काहीच नाही वाटत. पण एम 74 च्या अंतरावर एक आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाचा 3,600वा भाग, साधारण 155 प्रकाशवर्षं भरतो, आमच्या जाळीत पाच पिक्सेलला एक आर्कसेकंद, म्हणजे मी एका झटक्यात अख्खी गॅलक्सी पावणेचारशे प्रकाशवर्षं उजवीकडे ढकलली होती. चहाचा कप हातात धरून.

मग लाइट गेली. शनिवारी आमच्याकडे मेंटेनन्स असतं. यूपीएस पंधरा मिनिटं बोंबलला आणि बंद पडला, ती डबा खायला गेली, मी परीक्षेचे बंडल घेऊन बसलो. दुपारी दोनला लाइट आली तेव्हा ती माझ्याआधी कॉम्प्युटरवर होती आणि स्क्रीनवर तिनं गॅलक्सीवर शेकडो बाण काढले होते. मी म्हटलं हे काय?

म्हणाली, सर, प्रत्येक लाल ठिपक्यापासून सगळ्यात जवळच्या निळ्या ठिपक्याकडे एक बाण काढलाय. सरकवण्याआधीच्या चित्रावर. आणि हळूच म्हणाली, चित्र जर सरकलं असतं सर, तर सगळे बाण एकाच दिशेला गेले असते ना.

बाण एका दिशेला नव्हते. चार दिशांना होते, शेतात पाखरं उठावीत तसे.

आता माणसाचा स्वभाव बघा. पोरीनं इतकं स्वच्छ दाखवलं तरी मी लगेच मान्य नाही केलं. म्हटलं मग चित्र फिरलं असेल. रोटेशन. एक चित्र दुसऱ्यापेक्षा अर्धा अंश फिरलेलं असलं की एका बाजूचे बाण वर जातील, दुसऱ्या बाजूचे खाली. ती म्हणाली हो सर, पण फिरलं असतं तर मध्यापासून जितकं लांब जाऊ तितके बाण लांब व्हायला पाहिजेत, आणि तिनं दुसरा ग्राफ उघडला, तो आधीच काढून ठेवला होता, म्हणजे सर काय बोलणार हे तिला माहीत होतं. बाणांची लांबी आणि मध्यापासूनचं अंतर. काहीच संबंध नाही. मध्याजवळ जेवढे लांब तेवढेच काठाला.

मी खुर्ची ओढून बसलो. सकाळपासून पहिल्यांदा बसलो बहुतेक.

मग तिसरी परीक्षा मी सुचवली, तेवढं तरी श्रेय घेतो. म्हटलं दोन्ही चित्रं धूसर कर. मुद्दाम चष्मा काढून बघितल्यासारखी, इतकी की एक किलोपार्सेक, म्हणजे सव्वातीन हजार प्रकाशवर्षांपेक्षा बारीक काहीच दिसू नये. तिनं केलं, आणि लाल-निळं एकमेकांवर असं बसलं की वेगळं काढता येईना. पुस्तकातलं वाक्य खरं होतं, फक्त लांबून बघणाऱ्यासाठी. जवळ गेलं की ते मोडतं. आणि मोडतं कारण फोटोत वेळ गोठलेला असतो.

हे मी तिला समजावायला लागलो तर तिनंच मला समजावलं. म्हणाली, सर, आमच्याकडे केळीच्या बागा असतात तसं आहे का? मी म्हटलं कसं. म्हणाली, मृगबाग वेगळ्या वेळी लावतात, कांदेबाग वेगळ्या वेळी, कोणी मधेच लावतो. बसनं चोपड्याहून निघालं की एक बाग नुसती पानांची, एक निसवलेली, घड बाहेर पडलेली, एकात कापणी चाललेली, आणि एक सगळी तोडून मोकळी. कोणत्याही एका दिवशी एका बागेत सगळं नाही दिसत. पण तालुका धरला तर पानं पण आहेत, घड पण आहेत. आणि सर, किती बागा निसवलेल्या दिसतात ते मोजलं तर बाग किती दिवस निसवलेली राहते ते पण कळेल, एका ठिकाणी वर्षभर बसून राहायची गरज नाही.

मी काय बोलणार. 2019 साली एनजीसी 300 नावाच्या शेजारच्या गॅलक्सीवर नेचर या विज्ञानाच्या मासिकात जो पेपर आला त्यात हेच केलंय, गणित जास्त आहे इतकंच. नुसता गॅस असलेली ठिकाणं, गॅस आणि क्लस्टर दोन्ही असलेली, आणि नुसते क्लस्टर राहिलेली, या तिन्हींचं प्रमाण बघायचं. त्यांना मिळालं की गॅसचा ढग जगतो साधारण 1 कोटी वर्षं, आणि आत चमकणारे तारे पेटल्यानंतर ढग आणि क्लस्टर एकत्र दिसतात फक्त 15 लाख वर्षांच्या आसपास. मग ढग गायब. तोवर त्या ढगातला फक्त दोनतीन टक्के वायू तारा झालेला असतो. बाकीचा सत्त्याण्णव टक्के तसाच हाकलला.

आमच्या कच्च्या मोजणीतही दोन्ही रंग एकत्र असलेल्या जागा सगळ्यात कमी निघाल्या. मोजणी कच्चीच होती, आकडे इथं देण्यालायक नाहीत.

पण खरी मजा त्या 15 लाखात आहे, आणि ती मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळली, इतकी वर्षं शिकवून. आपण वर्गात काय सांगतो? मोठे तारे शेवटी सुपरनोव्हा होऊन फुटतात आणि वायू उडवून लावतात. खरंय. पण सगळ्यात जड तारासुद्धा जन्मल्यावर तीसेक लाख वर्षं तरी फुटत नाही, आणि सूर्याच्या आठ पट वजनाचा तर फुटायला 4 कोटी वर्षं घेतो. मग ढग 15 लाखातच गेला कसा? पहिला फटाका वाजायच्या आधीच मंडप रिकामा. म्हणजे हाकलणारं कोणीतरी दुसरं आहे.

ते दुसरं म्हणजे ताऱ्यांचं साधं जगणं. क्लस्टरमधले जड तारे इतका अतिनील प्रकाश फेकतात की 91.2 नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण समोर येईल त्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवतात. वायू 10,000 केल्विनला पोचतो. आता शेजारचा ढग दहावीस केल्विनचा, म्हणजे तोच उणे अडीचशे सेल्सिअसच्या आसपासचा, आणि हा दहा हजारचा, प्रेशर कुकरची शिट्टी उडावी तसा हा फुगतो आणि सेकंदाला दहाएक किलोमीटरनं बाहेर ढकलत सुटतो. त्यात हे तारे स्वतःच्या अंगावरून वारा सोडतात, त्याचा वेग सेकंदाला 2,000 ते 3,000 किलोमीटर. शिवाय नुसता प्रकाशच धुळीवर आदळून तिला मागे रेटतो. एकटा तारा हे करतो तेव्हा छोटा बुडबुडा होतो, पण मोठ्या क्लस्टरमध्ये असे शेकडो तारे शेजारी शेजारी बसलेले असतात आणि एकाच वेळी. सगळ्यांचे बुडबुडे मिसळून एकच मोठा होतो. मग जेव्हा खरंच सुपरनोव्हा फुटतो, एकेक जण सूर्यानं हजार कोटी वर्षांत दिली असती तेवढी ऊर्जा एकदम देतो, तेव्हा त्याच्यासमोर दाट ढग नसतोच. मोकळं मैदान. दाट ढगात फुटला असता तर बरीच ऊर्जा तिथंच तापून प्रकाश होऊन वाया गेली असती, मोकळ्यात फुटला म्हणून धक्का लांब जातो. आधीच्यांनी रस्ता झाडून ठेवला, नंतरच्यांनी गाडी पळवली.

याचा हिशोब गॅलक्सीच्या पातळीवर लावला तर चक्कर येते. आपल्या आकाशगंगेत असा थंड रेणूंचा वायू साधारण 100 कोटी सूर्यांइतका आहे. गुरुत्वाकर्षणाच्या मनासारखं झालं असतं, ढग नुसते आपल्या वजनानं कोसळत राहिले असते, तर वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे बनून सगळा माल लवकरच संपला असता. प्रत्यक्षात बनतात वर्षाला दोनेक सूर्यांइतके. फरकाचा मोठा हिस्सा या क्लस्टरांच्या खात्यावर आहे. सगळा त्यांचाच असं नाही, ढगातला खळबळाट आणि चुंबकीय क्षेत्रही ढगाला कोसळू देत नाहीत, पण माझं मत विचाराल तर दादा हेच.

चारच्या सुमारास तिनं जेम्स वेबचं एम 74 चं चित्र उघडलं, धुळीचं, आणि आम्ही दोघं गप्प बघत बसलो. अख्खी गॅलक्सी जाळीदार. अनारसं तळल्यावर दिसतं तसं. एका हातात एक मोठं भोक आहे, 3,000 प्रकाशवर्षांपेक्षा मोठं, आणि त्याच्या काठावर छोटी छोटी भोकं. सकाळी आमच्या निळ्या चित्रात जी भोकं मला बिघाड वाटली होती त्यातली काही तिथंच होती, धुळीतसुद्धा. तीन वेगळ्या दुर्बिणी, एक तर अंतराळात, तिघींची अलाइनमेंट एकाच जागी चुकणार नाही.

मी म्हटलं, सकाळी मी सरकवलं ते उडव. आणि आधीचं ठेवलंयस ना?

ती जरा लाजली. डेस्कटॉपवर एक फोल्डर होतं. नाव, "सरांनी हलवण्याआधीचं". मी सरकव म्हणालो तेव्हा एका बाजूला तिनं मुकाट्यानं कॉपी मारून ठेवली होती. त्यानंतर मी हार्ड डिस्कचा विषय काढलेला नाही.

साडेपाचला तिचे वडील घ्यायला आले आणि मला म्हणाले, सर आज मळ्यात भरीत शे, चला. डिसेंबरात खान्देशात भरताला नाही म्हणणारा माणूस मी तरी बघितलेला नाही. मी डिपार्टमेंटची सहा इंची दुर्बीण गाडीत टाकली, म्हटलं तेवढंच प्रायश्चित्त.

मळा सातपुड्याकडच्या अंगाला, लांबवर डोंगराची काळी रेघ, गावाचे लाइट मागे राहिलेले. पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात हिरवी लांब वांगी टाकलेली, बायका मिरच्या लसूण ठेचत होत्या, कोणीतरी कांद्याची पात चिरत होतं. आठ वाजता मी दुर्बीण लावली. मृग पूर्वेला वर आलं होतं. त्याच्या तलवारीतला तो तेजोमेघ, 1,300 प्रकाशवर्षांवरचा, सगळ्यांना दाखवला, रांग लागली अगदी. मध्ये चार तारे जवळ जवळ दिसतात, सुरपारंब्या खेळायला जमलेल्या पोरांसारखे. त्यातला सगळ्यात तेजस्वी एकटा बाकी सगळ्यांना भारी. 2019 मध्येच विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीनं मोजलं होतं की या एका ताऱ्याच्या वाऱ्यानं आजूबाजूच्या वायूत तेरा-एक प्रकाशवर्षं रुंद फुगा उडवलाय आणि त्याचं कवच सेकंदाला 13 किलोमीटरनं पसरतंय. सुपरनोव्हा नाही, काही नाही, नुसता वारा. दुपारभर आम्ही 3 कोटी प्रकाशवर्षं लांब जे शोधत होतो ते इथं घराच्या ओसरीत चाललेलं.

वडिलांनी बराच वेळ डोळा लावून बघितलं. मग मी त्यांना सांगत होतो की मोठे तारे कसा आपल्याच जन्माचा माल हाकलून देतात आणि शेजारी नवे तारे होऊ देत नाहीत, तर ते म्हणाले, "यामा नवल काय शे सर? मोठं झाड उभं ऱ्हायनं का पील दबी जास. मोठं कापं का पील जोर धरस."

मी म्हटलं अगदी तसंच. आणि मग मला थांबून विचार करावा लागला, कारण अगदी तसंच नाही. केळीचं मोठं झाड कापलं की पील, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, तिथंच वाढतं, मग पिलबाग होते. इथं जागाच रिकामी होते. पण हाकललेला वायू कुठंतरी जातोच ना, तो फुग्याच्या काठावर गोळा होतो, दाट होतो आणि काही ठिकाणी त्या काठावर नवे क्लस्टर दिसतात. एम 74 च्या त्या मोठ्या भोकाच्या काठावरची छोटी भोकं म्हणजे तेच असावं. आता ते तारे धक्का बसल्यामुळे जन्मले की तसेही जन्मलेच असते, फक्त जागा बदलली, यावर जाणकारांत भांडण आहे. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हंजे पील बांधवर उगनं. हो, म्हटलं, बांधावर.

आणि आपण स्वतः कुठं बसलोय? तर अशाच एका भोकात. सूर्याभोवती साधारण 1,000 प्रकाशवर्षं रुंद अशी विरळ जागा आहे, लोकल बबल म्हणतात. 2022 च्या एका अभ्यासात असं निघालं की साधारण 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी इथं क्लस्टरांमधले तारे एकामागून एक फुटायला लागले, पंधराएक सुपरनोव्हा तरी झाले असतील, त्यांनी वायू ढकलत नेला आणि आज आपल्या जवळपासचे जवळजवळ सगळे नवे तारे घडायच्या जागा त्या फुग्याच्या पृष्ठभागावर आहेत. सूर्य नंतर कधीतरी वाट चुकून आत शिरला. हे सांगितल्यावर तिच्या आजीनं वर बघितलं आणि विचारलं, मंग आपलं भोक बुजनार कधय? मला उत्तर आलं नाही, वांगी सोलायला घेतली.

एक मोठं दृश्य आपल्याकडून दिसतच नाही याची मला नेहमी रुखरुख लागते. आपल्या शेजारपाजारच्या गॅलक्सींमधला या प्रकाराचा सगळ्यात भारी कारखाना म्हणजे टॅरंटुला तेजोमेघ, मोठ्या मॅगेलनी मेघात, 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षांवर, त्याच्या पोटात आर 136 नावाचा क्लस्टर, त्यात सूर्याच्या दोनेकशे पट वजनाचासुद्धा तारा आहे. पण तो आकाशात दक्षिणेला 69 अंशांवर आणि आपण पृथ्वीवर उत्तरेला 21 वर. हिशोब केला तर तो आपल्या बरोबर क्षितिजाच्या रेघेला टेकतो आणि परत जातो. दारापर्यंत येऊन न शिरणारा पाहुणा. उलट एम 82 ही गॅलक्सी उत्तरेला जवळपास तितक्याच अंशांवर, ती सप्तर्षीच्या बाजूला पहाटे छान 41 अंश वर येते. ती बघा कधी. 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षं. मध्यभागी इतके दाट क्लस्टर जमलेत की वायू ताटात मावलाच नाही, तबकडीच्या वरून आणि खालून धुरांड्यासारखा गॅलक्सीच्या बाहेर निघालाय. छोट्या दुर्बिणीत नुसती धूसर काडी दिसते, पण माहीत असलं की बघायला वेगळं वाटतं.

साडेआठला एम 74 बरोबर डोक्यावर आली. म्हणजे यायला पाहिजे होती. तिला फँटम म्हणतात, भुताटकी, कारण तिचा उजेड इतका पसरट आहे की नवख्यालाच काय सरावलेल्यालाही चकवते. मान मोडेपर्यंत मी शोधली, मीनेतला तो ईटा तारा सापडला, त्याच्या शेजारी दीडेक अंशावर हवी. नाही दिसली. मग तिनं डोळा लावला. जाळ विझत आला होता, कोणीतरी टॉर्च लावला तर तिनं तो बंद करायला सांगितला, इतक्या मोठ्यानं ती कॉलेजात कधी बोलली नव्हती. पाचेक मिनिटं तशीच उभी राहिली. म्हणाली सर, सरळ बघितलं की काहीच नाही, डोळा बाजूला नेला की काहीतरी असल्यासारखं वाटतंय. मी बघितलं. मला तरीही काही दिसलं नाही. खरं असेल, डोळ्याच्या कडेला उजेड जास्त कळतो हे मीच बारावीला शिकवतो.

भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्लं, तीन भाकरी, आकडा बायकोला सांगितलेला नाही.

सोमवारी एक्स्टर्नल आले, बाहेरच्या जिल्ह्यातले, सौम्य माणूस. तिची आठवी स्लाइड आली, लाल आणि निळं, आणि ते चष्मा पुढे करून म्हणाले, बेटा, ही दोन चित्रं नीट अलाइन केलेली दिसत नाहीत, लाल जरा उजवीकडे घ्यायला पाहिजे होतं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

शनिवारी उडव म्हणालो होतो ती फाइल तिनं उडवलीच नव्हती. नववी स्लाइड तीच होती, बारा पिक्सेल उजवीकडे. मधला एक ठिपका जुळलेला, आणि त्याच्या भोवती, बाणांसकट, बिघडलेले सगळे.